‘पूर्वी’ आणि ‘पासून’

मी स्पॅनिश शिकले ती हौसेनं नाही. आमच्या घरी एक पत्र आलं, ते कुणालाच वाचता येईना, म्हणून शिकले. आज माझ्या भाचीची मुलगी जेवता जेवता मोबाइलवर स्पॅनिशचे धडे गिरवते. उत्तर बरोबर आलं की मोबाइल टिंग करतो, चुकलं की पुन्हा विचारतो. परवा तिनं मला विचारलं, आजी, तू कशी गं शिकलीस? मी म्हटलं, एका फादरकडे. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. माझं झालं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही तेव्हा बडोद्यात तरसालीला राहत होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी, आणि मोरीच्या भिंतीपलीकडे कांताबेनचं घर. आई मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मराठी माणसांना जेवणाचे डबे द्यायची. त्यामुळे आमच्या घरातली सकाळ म्हणजे स्टोव्हचा भर्र आवाज, परातीत आपटणारं पीठ आणि डब्यांच्या कड्यांची खडखड. आईच्या आमटीत गोडा मसाला असायचा, पण गूळ मात्र बडोद्याच्या हातानं पडायचा. नवीन आलेला एखादा नगरचा नाहीतर साताऱ्याचा गडी आठ दिवस कुरकुर करायचा आणि नवव्या दिवशी आणखी एक वाटी मागायचा. रविवारी सेव-उसळ. त्या दिवशी लसणाच्या चटणीचा वास कांताबेनच्या घरापर्यंत जायचा आणि त्या भिंतीवरून हाक मारायच्या, "नीलू, मारी वाटकी लई जा." मी वाटी घेऊन यायची, भरून परत द्यायची. कांताबेन आमच्याशी गुजरातीत बोलायच्या, आई त्यांच्याशी मराठीत, आणि दोघींचं वर्षानुवर्षं काही अडलं नाही.

बाबा फिटर होते. कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदाराकडे शटडाऊनची कामं करायचे, म्हणजे प्लान्ट दुरुस्तीला बंद केला की महिना दीड महिना रात्रंदिवस काम आणि मग पुन्हा घरी बसायचं. त्या घरी बसण्याला ते कंटाळले होते. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, आपल्या घरात पुरुषानं दुपारी घरी असण्याची रीत नाही, असं ते हसत म्हणायचे, पण ते हसणं खरं नसायचं. मी अकरावीत असताना कुणाच्या तरी ओळखीनं ते मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागले. जाताना त्यांनी आईला सांगितलं होतं, दोन वर्षं, फार तर अडीच. पहिलं वर्षभर पत्रं आली. बंदरांची नावं मी नकाशात शोधायची. मग चार महिने काहीच आलं नाही. आई मुंबईला जाऊन जहाजाच्या एजंटला भेटली. तो म्हणाला, माणूस आजारी पडला म्हणून वाटेत एका बंदरावर उतरवला, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. जहाजाचे मालकही मधल्या काळात बदलले होते. आई तशीच परत आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ मळायला बसली. तिला रडताना मी पाहिलं नाही. फक्त त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या होत्या.

त्यानंतर ते पत्र आलं. पातळ निळा कागद, गोल गोल अक्षर, आणि त्यात मला ओळखता आलेला एकच शब्द, बाबांचं आडनाव, तेही चुकीचं लिहिलेलं. आमच्या कॉलेजातल्या सरांनी ते स्पॅनिश आहे एवढं सांगितलं. कांताबेन म्हणाल्या, अकोट्याला एक गोरे फादर राहतात, माझ्या बहिणीच्या मुलीला त्यांनीच शाळेत गुजराती शिकवलं होतं. गोरा माणूस गुजराती शिकवतो याचं मला हसू आलं, पण आई तेव्हाच उठली. आम्ही बसनं गेलो, विश्वामित्रीच्या पुलावर उतरलो आणि विचारत विचारत पोचलो.

फादर आन्सेल्मो तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. उंच, वाळलेले, अंगात खादीचा झब्बा, पायात टायरच्या चपला. त्यांची गुजराती इतकी चोख होती की माझ्यासारख्या घरी मराठी आणि बाहेर धेडगुजरी बोलणाऱ्या मुलीला त्यांच्यापुढे तोंड उघडायला लाज वाटायची. त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं, मग आईला खुर्चीवर बसायला सांगितलं, मग स्वतः बसले. पत्र कॅनरी बेटांवरच्या एका इस्पितळातून आलं होतं. सिस्टर अम्पारो नावाच्या जोगिणीनं लिहिलं होतं. बाबांना जहाजावर असताना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. समजतं सगळं, असं सिस्टरला वाटत होतं, पण तिथे कुणालाच त्यांची भाषा येत नव्हती, त्यामुळे नक्की सांगता येत नव्हतं. त्यांच्या सामानातल्या एका जुन्या पाकिटावरून तिनं आमचा पत्ता उतरवला होता. फादर एकेक वाक्य वाचत, थांबत, आणि गुजरातीत सांगत. आईनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, जिवंत आहेत ना? फादर म्हणाले, "हा बेन, जीवे छे."

उत्तर फादरनीच लिहून दिलं. पुढे दर महिन्याला सिस्टरचं एक पत्र यायचं, आम्ही ते अकोट्याला न्यायचो, ते वाचायचे आणि उत्तर लिहून द्यायचे. तिसऱ्या की चौथ्या वेळी मी धीर करून विचारलं, मला शिकवाल का? मला तो दुसऱ्याच्या तोंडून येणारा बाप नको झाला होता. फादरनी मला मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी यायला सांगितलं. त्यांच्या खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर क्रूस आणि खिडकीत मातीच्या कुंडीत पुदिना. ते मला त्याचा चहा करून द्यायचे, बिनदुधाचा, आणि मी तो औषधासारखा प्यायची. शिकवणं गुजरातीतून चालायचं, मी वहीत मराठीत लिहून घ्यायची. अशी तीन भाषांची ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

वस्तूंची नावं, क्रियापदं, लिंगं, हे मला भराभर येत गेलं. अडलं ते वेळेपाशी. एखादी गोष्ट किती वेळ चालली, कधीपासून चालू आहे, कधी होऊन गेली, कुठून कुठपर्यंत, याला त्या भाषेत वेगवेगळ्या वाटा आहेत आणि सगळ्या एका चौकातून फुटतात. ‘दे दिएथ आ दोथे’ म्हणजे दहा ते बारा, हे सोपं. ‘देस्दे’ म्हणजे पासून आणि ‘आस्ता’ म्हणजे पर्यंत, हेही सोपं. पण ‘आथे’ हा शब्द, ज्याचा खरा अर्थ ‘करतं’, तो वेळेच्या आधी आला की पूर्वी. ‘आथे त्रेस मेसेस’, तीन महिन्यांपूर्वी. त्याच्याआधी ‘देस्दे’ लावलं की तीन महिन्यांपासून. आणि ‘आथे त्रेस मेसेस’ म्हणून पुढे ‘के’ आला, तर त्याच्यानंतरचं क्रियापद बघायचं. ते भूतकाळात असेल तर गोष्ट होऊन गेली, वर्तमानात असेल तर ती अजून चालूच आहे. फादर म्हणायचे, गुजरातीत एक ‘पहेलां’ आहे, म्हणजे पूर्वी, आणि एक ‘थी’ आहे, म्हणजे पासून, ते दोन वेगळे शब्द आहेत म्हणून तुम्ही सुटलात. आमच्याकडे क्रियापदाकडे बघावं लागतं. मी मान डोलवायची. वहीत मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आथे बरोबर पूर्वी, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढचं सगळं बारीक अक्षरात होतं.

एकदा त्यांनी स्वतःचं उदाहरण दिलं. त्यांच्या भाषेत माणूस काळ वाहतो. मी इथे चाळीस वर्षं राहतोय असं म्हणायचं तर म्हणायचं, मी चाळीस वर्षं वाहतोय हिंदुस्थानात. ‘येवो क्वारेंता आन्योस एन ला इंदिया.’ मी विचारलं, तुम्हाला घरी जावंसं वाटत नाही का? ते म्हणाले, आई होती तोवर वाटायचं. मग पुदिन्याची पानं खुडत उभे राहिले आणि त्या दिवशीचा धडा तिथेच संपला.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी फादर आजूबाजूच्या आदिवासी गावांत गेले. दिवाळीच्या थोडं आधी परत येईन, म्हणाले. जाताना त्यांनी मला खिशात मावेल असा स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश दिला आणि बजावलं, पत्र आलं तर नीट ठेव, आपण आल्यावर वाचू. ते ‘आपण’ मला बोचलं. आठ महिने मी शिकत होते. फादर मला अजून लहान समजतात, असं मला वाटलं. आता हे लिहिताना मला त्या मुलीचा राग येत नाही, पण तिला थोपवावंसं वाटतं.

पत्र नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी आलं. गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळच्या गरब्यासाठी लाऊडस्पीकर बांधत होते आणि कुणीतरी त्यात एक-दोन, एक-दोन असं ओरडून बघत होतं. आईचे डबे नुकतेच गेले होते. तिनं नऊ दिवसांचे उपास धरले होते, एरवी ती धरायची नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात तसेच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "वाच. फादर येईपर्यंत थांबायचं नाही मला."

मी वाचायला लागले. सुरुवातीचा नमस्कार, प्रार्थना, हवा. मग ते वाक्य आलं. ‘आथे त्रेस सेमानास के नो कोमे.’ आथे, तीन आठवडे, नाही, जेवणं. मी आईला सांगितलं, तीन आठवड्यांपूर्वी ते जेवत नव्हते. त्यापुढे ‘सोंदा’ असा एक शब्द होता, त्यातून त्यांना काहीतरी देतात असं होतं. शब्दकोशात सोंदाला समुद्राची खोली मोजायची दोरी असा अर्थ दिला होता, त्याखाली आणखी एक होता तो मला लागेना. जहाजावरचं काहीतरी असेल म्हणून मी तो शब्द गाळला. शेवटी सिस्टरनं इस्पितळाचा फोन नंबर दिला होता आणि लिहिलं होतं की सकाळी दहा ते बारा या वेळात कुटुंबातल्या कुणी फोन केला तर ती रिसीव्हर त्यांच्या कानाला लावेल, घरचा आवाज ऐकून कदाचित उपयोग होईल. हे मी बरोबर वाचलं. पण ज्याचं दुखणं होऊन गेलंय त्याच्या बाबतीत तसं लिहिलं असावं, अशा सुरात वाचलं.

एक गोष्ट मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा चाचरत बोलले आहे. ‘नो कोमे’ हे वर्तमानकाळी क्रियापद आहे, हे मला दिसलं होतं. माझं बोट त्या शब्दावर थांबलं होतं. आणि मराठीत ते वाक्य जसंच्या तसं, शब्दाला शब्द ठेवून म्हटलं असतं तर आपलंच वाक्य झालं असतं, तीन आठवडे झाले, जेवत नाहीत. कुठल्याही मराठी बाईला ते कळलं असतं. पण मी वर पाहिलं तर आई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा होता की मी वहीतल्या दोन रेघा मारलेल्या नियमाला धरून बसले.

"मग आता बरे आहेत ना?" आईनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

आईनं फोनचा विचार केला आणि तो बाजूला ठेवला. तिचं म्हणणं होतं, ज्याला बोलता येत नाही त्याच्या कानाशी परदेशी लोकांसमोर आपण काय बोलायचं? जेवायला लागलेत तर आणखी सुधारतील, एखादा शब्द बोलायला लागतील. पाडव्याला करू. मला तेव्हा ते पटलं. तिनं त्या दिवशी उपास असूनही माझ्यासाठी शिरा केला.

पुढचे एकोणीस दिवस आमच्या घरात बरे गेले, हे लिहिताना माझा हात अडतो. आई कामात गुणगुणायला लागली. कांताबेननी तिला बळेच गरब्याला नेलं आणि ती दोन फेर नाचून घामाघूम होऊन परत आली, बावरलेली, काहीतरी चूक केल्यासारखी. बाबांची खाट तिनं बाहेर काढून धुतली, नवी नवार विणून घेतली. डबा घेणाऱ्या मंडळींपैकी एक अण्णा म्हणून वयस्क गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, वहिनी, काही खुशखबर? तर आई म्हणाली, हे जेवायला लागले. एवढी साधी गोष्ट तिनं अकरा माणसांना सांगितली.

फादर परतल्याचं कळलं त्या दिवशी मी सकाळीच सायकल काढली. पत्र दप्तरात होतं, आणि वहीत मी त्याचं मराठी भाषांतर सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं होतं. मला शाबासकी हवी होती. ते नुकतेच आंघोळ करून आले होते, केस ओले होते. त्यांनी पत्र वाचलं. मग पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तें शुं वांच्युं?" तू काय वाचलंस? मी वही पुढे केली. त्यांना हिंदी येत होतं, लिपी तीच म्हणून ते मराठीही वाचू शकत होते. त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे माझं बोट थांबलं होतं तिथेच.

"बेटा, आ पहेलांवाळुं नथी. आ थीवाळुं छे," ते म्हणाले. हे पूर्वीचं नाही, हे पासूनचं आहे. आणि मग, मला समजलं नसेल असं वाटून, सगळं वाक्य सांगितलं. "ए त्रण अठवाडियाथी खाता नथी."

सोंदा म्हणजे नाकातून घातलेली नळी. बाबांनी तोंड मिटून घेतलं होतं, चमचा जवळ नेला की भिंतीकडे वळत होते. डॉक्टरांना त्यात नवा आजार दिसत नव्हता. सिस्टरनं लिहिलं होतं की तो जेवत नाही कारण त्याला जेवायचं नाही, आणि ती दहा ते बाराची वेळ तिनं विनंती म्हणून दिली होती. दहा ते बारा, रोज, ती स्वतः फोनपाशी असेल. मी पत्रावरची तारीख बघितली. बोटांवर मोजू लागले आणि फादरनी माझा हात धरून खाली ठेवला.

त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्या हातात दिलं. सायकल तिथेच राहू दे म्हणाले, रिक्षा थांबवली आणि माझ्याबरोबर तरसालीला आले. वाटेत मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगाल का आईला? ते म्हणाले, पत्रात काय आहे ते मी सांगेन. तू काय वाचलंस ते तू सांग.

आई डबे भरत होती. मी तिला तिथेच, भाताच्या पातेल्यासमोर सांगितलं. मी चुकीचं वाचलं, ते अजून जेवत नाहीत, पत्र लिहिलं त्या दिवसापासून नाही, त्याच्याही तीन आठवडे आधीपासून. आईनं डाव जिथल्या तिथे ठेवला. स्टोव्हची हवा सोडली. मग म्हणाली, "चपला कुठेत माझ्या?" चपला तिच्या पायातच होत्या. अर्धे डबे उघडे राहिले. नंतर कळलं की ते कांताबेननी भरून पाठवले, त्यांच्या हातच्या डाळीसकट.

मकरपुरा रस्त्यावर परदेशी फोन करता येईल असं एक बूथ होतं. काचेची खोपटी, आत पंखा नाही, बाहेर झेरॉक्सचं मशीन. तिकडचे दहा वाजायला अवकाश होता. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. आई समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. वेळ झाली तसे फादर आत गेले. चौथ्यांदा लागला. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते, त्यांच्या स्वतःच्या भाषेत, आणि मला त्यातलं एक अक्षर कळेना. मग त्यांनी हात वर करून आईला बोलावलं. मीही आत घुसले. रिसीव्हर आईच्या कानाला होता आणि मला पलीकडचा श्वास ऐकू येत होता, जड, ओढल्यासारखा. किंवा ती नुसती लाइनची खरखर असेल.

"अहो, मी आहे," आई म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाठ वळवली. "पत्र आलं होतं तुमचं. नीलूनं मला नीट वाचून दाखवलं, सगळं. मीच म्हटलं, करू मग. डब्यांच्या गडबडीत राहून गेलं. माझं चुकलं."

त्यानंतर ती डब्यांविषयी बोलली, अण्णांच्या गुडघ्याविषयी, खाटेच्या नव्या नवारीविषयी. आणि शेवटी, आमच्या घरी ती रोज ज्या आवाजात म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, "जेवून घ्या आता." बाहेर आल्यावर तिनं पदरानं रिसीव्हर धरलेला हात पुसला. रिक्षात मी म्हटलं, आई, तू असं का सांगितलंस? ती म्हणाली, "तो बाप आहे तुझा. नवरा-बायकोचं आम्ही बघून घेऊ."

त्या दिवशी त्यांनी चार चमचे सूप घेतलं, असं सिस्टरच्या पुढच्या पत्रात होतं. हे पत्र मी उघडलं नाही, तसंच फादरकडे नेलं. मग फोन दर आठवड्याला होऊ लागला. फादरनी वकिलातीला, खलाशांसाठी काम करणाऱ्या संस्थांना, आपल्या जुन्या वर्गमित्रांना पत्रं लिहिली. पुढच्या उन्हाळ्यात स्पेनमधून केरळच्या एक सिस्टर सुट्टीवर घरी येत होत्या, त्यांच्या सोबतीनं बाबा मुंबईला उतरले. आई आणि फादर त्यांना आणायला गेले होते. नव्या नवारीच्या खाटेवर बाबांना ठेवलं तेव्हा त्यांचं वजन माझ्याहून कमी असेल.

त्यांना सगळं कळत होतं. सिस्टर अम्पारोला वाटलं होतं ते खरं होतं. आणि म्हणूनच पुढचे महिने कठीण गेले. बाबा आईच्या हातचं खात नसत. ती वाटी घेऊन बसली की तोंड भिंतीकडे. मी बसले की निमूट आ करायचे. आई म्हणायची, आजारानं माणूस चिडका होतो, तू भरव, तुझ्या हातचं जातंय ना पोटात. ती मुगाचं कढण करायची, गाळायची, कोमट करायची आणि वाटी माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात जायची. मला कारण ठाऊक होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा घरात पत्र वाचलेलं होतं आणि बायकोला फोन करायला सवड झाली नव्हती, एवढंच त्यांना माहीत होतं. माणसाला दुसरी कुठली शिक्षा देता येत नसेल तर तो तेवढीच देणार. हे कळूनही मी तीन महिने गप्प राहिले. भीती होती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं, बाबांचं फक्त माझ्याकडे बघणं.

एका दुपारी आई भिंतीपलीकडे कांताबेनशी बोलत होती. बोलता बोलता ती हसली, कशावर ते ऐकू आलं नाही, आणि बाबांनी त्या आवाजाच्या दिशेनं असं पाहिलं की मला राहवलं नाही. चमचा वाटीत ठेवून मी सांगितलं. "बाबा, आईनं उशीर केला नाही. पत्र मी चुकीचं वाचलं. तुम्ही जेवायला लागलात असं मीच तिला सांगितलं. तिला माहीतच नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. डाव्या डोळ्यात पाणी जमलं, उजवा तसाच. मग त्यांनी डावा हात उचलला आणि वाटी ढकलली. कढण माझ्या मांडीवर सांडलं. त्यांच्या गळ्यातून एकच आवाज निघायचा, आ सारखा, तो त्यांनी काढला, मोरीच्या दिशेनं, पुन्हा पुन्हा, आई धावत येईपर्यंत. आईनं माझी मांडी पाहिली, वाटी पाहिली, तिला कळलं. ती मला फक्त म्हणाली, "कशाला सांगितलंस? माझं चाललं होतं." मग तिनं दुसरी वाटी भरून आणली, खाटेवर बसली, आणि बाबांनी तिच्या हातून सगळी संपवली. संपल्यावरही त्यांनी तिचं मनगट सोडलं नाही.

माझ्या हातचं त्यांनी त्यानंतर घेतलं नाही. पाणी घ्यायचे, औषध घ्यायचे, अन्न नाही. मी वाटी आणली की डोळे मिटायचे. फादरना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, थांब. किती दिवस, हे मी विचारलं नाही. मी पुन्हा मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागले होते. वेळेचे धडे आम्ही पहिल्यापासून घेतले, आणि ते मला आजपर्यंत पाठ आहेत. पुढे तीस वर्षं मी रंग आणि रसायनं बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांची स्पॅनिश पत्रं भाषांतरित केली. माल कधी निघाला, कधीपासून बंदरात पडून आहे, कधीपर्यंत पोचेल. तशा प्रत्येक वाक्यापाशी मी क्रियापद दोनदा बघायची. शेजारच्या टेबलावरची मुलगी हसायची, तिला वाटायचं मी हळू आहे.

पावसाळा संपता संपता एक दिवस आईला बाजारातून यायला उशीर झाला. कसला तरी मोर्चा होता, बस बंद होत्या. बाबांची जेवणाची वेळ टळून गेली. मी मऊ भात कालवला, वर मेतकूट आणि तूप घातलं, आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांनी डोळे मिटले. मी चमचा तसाच धरून ठेवला. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. त्यांनी मला माफ केलं होतं की त्यांना नुसती भूक लागली होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायची सोय राहिली नाही. पण भात त्यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

आई आली, पिशवी ठेवली, मोरीत पाय धुवायला गेली. तिथे तिला बाबांची रिकामी वाटी आणि त्यांचा चमचा दिसला असणार. ती बाहेर आली आणि गवार निवडायला बसली. थोड्या वेळानं तिनं अर्धी गवार माझ्यापुढे सरकवली.